मोहाच्या खोलीतली वलनी

रोवण्याच्या दिवसांत आशाबाईच्या घरात कोणी ताठ चालत नाही. ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत वलन्या बांधलेल्या असतात आणि प्रत्येक दोरीवर घरातलं कोणी ना कोणी लोंबत असतं. इथं नवऱ्याचा, दादाजीचा शर्ट, तिथं मुलाची, आदेशची पँट, पुढं सुनेचा परकर. पाहुणा आला तर वाकून आत येतो, वाकूनच बसतो.

आरमोरीकडच्या त्या गावात धानाचा रोवणा आणि झड बरोबरच येतात. बाया दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकलेल्या, वरून पाऊस. संध्याकाळी घरी परततं ते माणूस कमी आणि चिखल जास्त. धुवायला पाणी आभाळ देतं, वाळवायला कोणी देत नाही. वल्लं लुगडं नेसून सकाळी पुन्हा बांधीत उतरलं की मांड्या खाजतात, बोटांत चिखल्या होतात. आशाबाईला तापापेक्षा वल्ल्या कपड्याची चीड जास्त.

तिनं आपली तऱ्हा बसवली होती. आधी कपडा ओसरीत निथळू द्यायचा. मग कोरड्या चादरीत गुंडाळून त्यावर पायांनी उभं राहायचं. निम्मं पाणी चादर पिते. मग वलनी. खाली तेलाचा जुना पत्र्याचा डबा, त्याला बुडाशी एक भोक. डब्यात मधोमध दांडा उभा करून भोवती राइस मिलमधला कोंडा चेपायचा. दांडा काढला की जी पोकळी राहते तिच्यात निखारा सोडायचा. कोंडा जळत नाही, दिवसभर नुसता धुमसतो. त्यावर कोंबड्यांचं डालगं उलटं घालायचं आणि डालग्यावर लहानसहान कपडे पसरायचे. छपरातला एक कवेलू सरकवून ठेवायचा, म्हणजे वाफ वर निघून जाते. कोंबड्या तेवढ्या दिवसांपुरत्या खाटेखाली.

सून चंचल चामोर्शीची. तिनं पहिल्याच पावसाळ्यात विचारलं होतं, "आत्याबाई, मशीन काऊन नाई घेत? आमच्या इथी आहे. फिरवलं का अर्धं वाळते."

"झडीत लाइन राह्यते का तुमच्या इथी?"

"नाई राहत."

"मंग मशीन काय करते?"

"उभी राह्यते," चंचल म्हणाली आणि चादरीवर उभी राहिली.

यंदा वाऱ्यानं ओसरीवरचे टिन उडवले. वलन्या, डबा, डालगं सगळं मागच्या खोलीत गेलं. त्या खोलीत दादाजीची मोहाची पोती असतात. उन्हाळ्यात वेचलेली, वाळवलेली फुलं. बैलांना चारायला आणि थोडी घरात भाजून खायला. दादाजी दारूला शिवत नाही. चहासुद्धा गार करून पितो. आशाबाईनं पोत्यांवर लुगडी पसरली. जागा होती, वापरली.

आता आशाबाईचं दुसरं काम सांगायला हवं. जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण म्हणून मोह झाडावरून पडायचा थांबत नाही. गावात बायांचा गट आहे आणि आशाबाई त्याची अध्यक्ष. गटाचा नियम एकच: अंगाला वास आला की समाजमंदिर झाडायचं, पुढची बैठक होईस्तोवर, रोज सकाळी, सगळ्यांच्या देखत. कारण ऐकलं जात नाही. कारण ऐकायला बसलं तर उजाडतं, हे गटाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. वास आला की नाही हे आशाबाईचं नाक ठरवी. नवऱ्यांनी त्या नाकाला शिव्या दिल्या, पण चुकलं असं कोणी म्हटलं नाही.

एकट्या इसरूनं म्हटलं. इसरू म्हणजे म्हाताऱ्या मायसंग राहणारा, लग्नाचा राहिलेला गडी. उन्हाळा सरता सरता अवकाळीची झड आली होती, तेव्हा तो वासात सापडला.

"म्या नाई पेलो, बाई," तो म्हणाला. "अंगातली अंगी मोहाच्या पोत्यावर वाळू घातलो होतो. तिचा वास होय."

"म्हंजे अंगी पेली?"

बाया हसल्या. इसरूनं झाडू घेतला. त्याच आठवड्यात देसाईगंजकडचे पाहुणे त्याला पाहायला आले. नवरदेव समाजमंदिरात झाडताना दिसला, काऊन म्हणून विचारलं, लोकांनी सांगितलं. पाहुणे चहा न पिता गेले.

श्रावणातली बैठक झडीतच भरली. पाऊस आत येतो म्हणून दार लावून घेतलेलं. चंचल त्याच दुपारी माहेराहून आली होती, ती थेट बैठकीला येऊन सासूजवळ बसली. आशाबाई मागच्या खोलीत वाळलेलं, गरम, खडखडीत लुगडं नेसून ऐटीत बसली होती. साऱ्या बायांत तिचंच तेवढं कोरडं.

थोड्या वेळानं बाया इकडेतिकडे पाहू लागल्या. एकीनं पदर नाकाला लावला. शेजारी बसलेल्या सुकरीनं दाराकडे पाहिलं, बाहेर कोणी पिऊन उभा आहे का म्हणून. आशाबाईनंही दोन-तीनदा हुंगलं. तिला काहीच आलं नाही.

"वास येऊन राह्यला," सुकरी म्हणाली.

"मले नाई येत."

अध्यक्षाला येत नाही म्हणजे नाही, असंच आजवर चालत आलेलं.

चंचल सासूच्या कानाशी गेली. तिचं हळू बोलणं पहिल्यापासूनच जरा मोठं. "आत्याबाई, तुमच्या लुगड्याले येऊन राह्यला. मोहाचा."

आशाबाईनं पदर नाकाला लावला. मग शेजारच्या सुकरीचा पदर ओढून हुंगला, मग पुन्हा आपला. खाली कोंड्याची ऊब, वर वल्ली लुगडी, मधे मोह. मोह आंबणार नाही तर काय करणार? त्या खोलीत रोज वावरून तिच्या नाकाला वासाची सवय झाली होती.

"अवं, तुम्ही कायच्या पेता," सुकरी म्हणाली. "झड होय. पुढचं बोला."

बायांनी माना हलवल्या. सगळ्यांना पुढचं बोलायचं होतं. आशाबाईलाही बोलायचं होतं. पण तिच्या डोळ्यापुढं उद्याचा दिवस उभा राहिला. गावातला प्रत्येक पिणारा आपला शर्ट मोहाच्या पोत्यावर टाकणार आणि बैठकीत येऊन म्हणणार, बाईलेबी येते, मलेबी येते. मग गटानं घरोघर जाऊन कपडे हुंगत बसायचं. आज आपल्याला सोडलं की गट संपला. आणि नाही सोडलं, तर अध्यक्षानं सगळ्या गावापुढं झाडू धरायचा, ज्यांना धरायला लावला त्यांच्यापुढं.

"वास आहे का नाई?" तिनं विचारलं.

"आहे, पन..."

"पन काहाले? कारन आयकत नाई नं आपन?"

"तुमचं खरं होय नं, बाई."

"त्याचंबी खरंच होतं," आशाबाई म्हणाली. कोणाचं, ते कोणी विचारलं नाही. तिनं कोपऱ्यातला झाडू उचलून आपल्यापाशी ठेवला आणि युरियाच्या पोत्यांचा विषय काढला.

घरी दादाजीनं सगळं ऐकून घेतलं. "मंग मोहाचं काय करू?"

"गोठ्यात ने."

"मोहाच्या वासानं बैल रातभर झोपू देतीन काय?"

"मंग वलन्या गोठ्यात नेतो."

"शेनाचा वास येईन."

"त्याच्यावर नियम नाई," आशाबाई म्हणाली.

सकाळी ती समाजमंदिरात गेली. झड चालूच. रोवण्याला निघालेल्या बाया दारातून पाहून पुढं गेल्या. दोन-चार माणसं पानठेल्याच्या पत्र्याखाली उभी राहून मनापासून पाहत होती. आशाबाईनं पदर खोचला आणि आतल्या भिंतीपासून झाडायला घेतलं.

इसरू आला. डोक्यावर प्लास्टिक, अंगातला शर्ट चिंब. पायरीवर बसला.

"तू पेला नोह्यतास," आशाबाई झाडता झाडता म्हणाली.

"म्या तवाच सांगतलं होतं."

"हो. म्या आयकलं नाई."

इसरूनं प्लास्टिक झटकलं. "त्या पोरीचं लगन होऊन गेलं. देसाईगंजलेच देल्ली."

आशाबाई थांबली. मग तिनं पुन्हा झाडू चालवला.

"बैठकीत सांगतो म्या," ती म्हणाली. "साऱ्या बायायसमोर. तुह्या मायलेबी घेऊन येजो."

"सांगा."

तो उठला नाही. तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत तिथंच बसून राहिला. मग हात लांब करून त्यानं खिडकीखाली दाखवलं.

"त्या कोपऱ्यात राह्यला, बाई."

आशाबाई तिकडे गेली आणि तिनं तो कोपरा झाडला.