फॅक्सचा अर्धा कागद

आखातातल्या सखीरच्या युनिव्हर्सिटीतल्या कंप्युटर रूममध्ये तो ऑपरेटर होता, मूळचा महाडचा. एसीच्या त्या निळसर गारव्यात पाण्याखाली चालल्यासारखा संथ फिरायचा. पण कशाचीही वाट बघत उभा राहायचा नाही. माझा प्रोग्राम चार मशीनवर मिळून चाले आणि एकाचा निरोप येईपर्यंत दुसरं ठप्प.

तो म्हणाला, "साहेब, निरोपाला जागा करून ठेवा नि पुढचं काम करा. मधे मधे बघायचं, आला का." तसं केलं. प्रोग्राम सुसाट पळाला, उत्तरं मात्र भलतीच!

त्याच आठवड्यात त्याची बायको गावी बाळंत होणार होती. टेप बदलता बदलता तो फॅक्सकडे नजर टाकी. एका दुपारी कागद सरकू लागला आणि मी उत्साहाने ओढला. टर्रकन फाटला. "मुलगी झाली. आईची तब्येत" एवढंच हातात आलं.

तो रागावला नाही. "परत पाठवतील, इंशाल्ला." पण टेप तशाच टाकून फॅक्ससमोर उभा राहिला. शेजारी मी, हात पाठीमागे बांधून.

अर्ध्या तासाने अख्खा कागद आला. आई बरी होती. डोळे पुसत तो म्हणाला, "आता समजलं, साहेब, तुमची उत्तरं का चुकतात. निरोप पुरता उतरायच्या आतच उचलता तुम्ही!"