फिलोमिनाची मान

फिलोमिना गेल्याचं मला शाळेत कळलं. वर्ग चालू असताना शिपाई दारात आला, "बाई, भुईगावहून फोन आहे," आणि मी हातातला खडू तसाच घेऊन ऑफिसात गेले. फोनवर तिचा भाऊ पास्कल होता. "बाई, सुटली ती," म्हणाला. मग जरा थांबून, "देवाची मर्जी..." मी फोन ठेवून दिला. पित्ताशयातले खडे काढायला स्वतःच्या पायांनी चालत गेलेली बाई महिनाभर मानेखाली लुळी पडून राहते, आणि शेवटी छातीतला कफ काढायचीही ताकद उरत नाही म्हणून जाते. यात देवाला कशाला गोवायचं? लोक मला म्हणतात, आता राग सोडा. अजून तरी सुटलेला नाही.

वसईच्या शाळेत आम्ही दोघी बरोबर लागलो. मी रत्नागिरीकडची, नायगावला फ्लॅट घेऊन आलेली. ती भुईगावची, केळी-फुलांच्या वाडीतली. ती विज्ञान शिकवायची. तिची मान आखूड होती, केस जवळजवळ कॉलरपासूनच सुरू व्हायचे. मागून हाक मारली की ती नुसती मान न वळवता सगळीच्या सगळी वळायची. त्यामुळे स्टाफरूममध्ये तिचं नाव पडलं होतं 'महाराणी'. एकदा तिच्या कानावर ते गेलं. "मान वळत नाही हो माझी," ती शांतपणे म्हणाली, "मन वळतं. चहा मागवा." त्या दिवसापासून आमची मैत्री.

पुढे तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मुंबईच्या एका म्हाताऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे मीच तिच्याबरोबर गेले. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि आम्हाला जवळ बोलावलं. "मानेत मणके सात, पण प्रत्येकाचे पुस्तकातल्यासारखे नसतात. कुणाला मानेतच जादा बरगडी असते, कुणाच्या मणक्यात एकाच्या जागी दोन भोकं. तुमचे हे वरचे दोन जन्मापासून जुळलेत, खालचेही दोन जुळलेत. मधल्या सांध्यावर सगळी ओढाताण." मालीश नको, डोक्यावर ओझं नको, असं सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "आणि कधी भूल घ्यायची वेळ आली, तर आधी हा फोटो दाखवा. घशात नळी घालताना मान मागे रेटतात. तुमची रेटायची नाही."

फिलूने तो फोटो जिवापाड सांभाळला. वाडीत भाजीच्या जुड्या केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटाने बांधतात, तसाच तिने तो खाकी पाकिटात घालून सोपटाने बांधला. गाठही तिची खास, टोक पिळून आत खुपसलेली. सोपट वाळलं की ती गाठ सुटत नाही, तोडावीच लागते. एका दिवाळीत सूर्यग्रहण आलं, तेव्हा घरोघरी जुने एक्स-रे कापून पोरांना बघायला देत होते. आमच्या हेडबाईंनी तिच्याकडे तिचा मागितला. "माझी मान कापून सूर्य बघताय?" तिने साफ नाही म्हणून सांगितलं. पण तोच फोटो वर्गात फिरवायची, आणि पोरांना आपापल्या मानेचा उंचवटा चाचपायला लावायची. मग नव्या ओल्या सोपटाने पाकीट पुन्हा बांधून ठेवायची.

तर हे पाकीट पिशवीत घालून ती त्या नर्सिंग होममध्ये गेली. मी आदल्या संध्याकाळी तिथेच होते. सर्जन फेरीला आले तेव्हा तिने पाकीट पुढे केलं. "टीचर," ते हसून म्हणाले, "ऑपरेशन पोटाचं आहे, मानेचं नाही." बरोबरचे सगळे हसले. फिलू हसली नाही. "भूल देणाऱ्या डॉक्टरांना तरी दाखवा," ती म्हणाली. ते डॉक्टर तिला शुद्धीवर असताना भेटलेच नाहीत. दुसऱ्या दवाखान्यातून ऐन वेळी धावत यायचे. सिस्टरने पाकीट घेतलं. "फाइलला लावते, मावशी, काळजी नको." आणखी काय करायला हवं होतं तिने? गळ्यात पाटी अडकवायची होती?

ऑपरेशननंतर मी तिच्याजवळ गेले, तेव्हा ती छताकडे बघत होती. "बाई," ती हळूच म्हणाली, "माझे हात कुठे ठेवलेत?" हात तिथेच होते, चादरीवर, माझ्या हातात.

सर्जन नंतर आम्हाला म्हणाले, "अशी मान हजारात एखादी. आम्हाला कळणार कसं?" अहो, ती हजारातली एक तुमच्यासमोर बसून सांगत होती! साध्या शुद्ध मराठीत सांगत होती. खडे पुस्तकाप्रमाणे जागेवर सापडले तेवढ्यावर तुम्ही खूश, आणि बाईची मान पुस्तकाप्रमाणे नाही हे ऐकून घ्यायला तुम्हाला दोन मिनिटं नव्हती. आणि आम्ही? साहेब, साहेब करत हात जोडून उभे. त्याचाही मला राग येतो.

चर्चमधल्या तिच्या महिन्याच्या मिस्सानंतर पास्कल मला घरी घेऊन गेला. नर्सिंग होममधून आलेली पिशवी तिच्या खोलीत खुंटीला तशीच होती. "मला हात लावायचं धाडस होत नाही, बाई. तुम्हीच बघा." आत गाऊन, जपमाळ, पावडरचा डबा... आणि तळाशी ते पाकीट. सोपट वाळून कडक झालं होतं. कुठे तुटलेलं नव्हतं. टोक पिळून आत खुपसलेलं होतं, तिने घरून निघताना खुपसलं होतं तसंच.

मी ते पास्कलच्या हातात दिलं. तो वाडीतच वाढलेला, त्याला सांगावं लागलं नाही. त्याने गाठीवरून अंगठा फिरवला आणि कॉटवर बसला. या वेळी त्याने देवाचं नाव घेतलं नाही.