वाटीभर करडीचं तेल

पाथर्डीच्या स्टँडवर एसटीतून उतरलो तेव्हा पिशवीत टिपकागदाचं पाकीट होतं आणि अंगात भरपूर घमेंड. पुण्यातल्या सुगंधी तेलांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं मी वास घेण्याची नोकरी केली. घरचे म्हणत, हा माणूस नाकाने कांदे सोलतो. खोटं नव्हतं ते.

नव्वदनंतरच्या एका दिवाळीच्या आधीची ही गोष्ट. रोजमेरी नावाच्या रानटी झुडपाचं तेल विकणाऱ्या एका परदेशी गिऱ्हाइकाला आपल्याकडचंही तसंच तेल हवं होतं. खत नाही, फवारणी नाही, कुणी न पेरलेलं. आमच्या डोक्यात आलं ते रोशाचं तेल, डोंगरउतारावर आपोआप उगवणाऱ्या तिखाडी गवताचं. पाथर्डीकडे भागूबाई नावाच्या एक बाई ते काढतात, एवढा पत्ता मिळाला होता. तेल तपासायचं आणि शुद्ध असेल तर दरसाल विकत घेण्याचा शब्द द्यायचा, हे माझं काम.

जीपमध्ये मी निम्मा आत, निम्मा बाहेर. गावात पोचलो तर दारोदार बांधाबांध चाललेली. गोधड्यांच्या वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, कोयत्यांना धार लावल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊसतोडीचा टेम्पो येणार होता.

भागूबाईंची भट्टी ओढ्याकाठी होती. तांब्याच्या डेगेत (मोठ्या हंड्यात) गवत ठासलेलं, झाकणाच्या फटी ओल्या मातीने लिंपलेल्या, झाकणातून निघालेली सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी खाली पाण्यात बुडवलेल्या घागरीत गेलेली. पाण्यावर तरंगतं ते तेल. वास आधी गुलाबाचा, मागून आल्याचा. मी डोळे मिटले. इतका स्वच्छ रोशा मी कारखान्यात कधी हुंगला नव्हता.

"वरचा माळ कापला न्हाई का?" मी विचारलं. बाईंची भाषा माझ्या तोंडात लगेच बसली होती.

"तिथलं बी पडू द्यायचं आस्तंय," त्या म्हणाल्या. "सगळंच कापलं तर डोंगर काय खाईल?"

जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं (पातळ पिठलंच म्हणा) आणि ठेचा. सून मंगल वाढत होती. सहावा महिना असावा. वाकताना एक हात कमरेवर. मुलगा दत्तू खाली मान घालून जेवला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे तो गेला की ही गेलीच.

मंगल आत गेल्यावर भागूबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, गेल्या साली फडातच पोटातलं गेलं तिचं. आवंदा तुमचा शब्द मिळाला तर दोगं हितंच ऱ्हात्याल. भट्टीलाबी मानूस लागतंयच की."

मी म्हटलं, "मावशी, तेल बोलेल." असली वाक्यं मला फार सुचत.

सकाळी त्यांनी भरलेला कॅन पुढे ठेवला. मी टिपकागदावर एक थेंब टाकून तो कडक उन्हात धरला. खरं सुगंधी तेल उडून जातं, कागद कोरा होतो. बराच वेळ गेला. डाग उडाला नाही. वास अस्सल, पण कागदावर तुपकट वर्तुळ तसंच.

"यात काय घातलंत?"

"करडीचं त्येल, वाटीभर," त्या अगदी सहज म्हणाल्या. "नुस्तं रोशाचं अंगाला चटचट करतंय. फडावर कंबर चोळायला नेतो तवा घालतोच आमी. म्हनलं, तुमच्या लोकांची कातडी नाजूक."

निर्भेळ तेल उरलंच नव्हतं. आदल्या दिवशीची घागरही त्यांनी याच कॅनमध्ये ओतली होती. दत्तू माझ्याकडे बघत होता. मंगल उंबऱ्यात उभी होती.

"भेसळ ती भेसळ," मी म्हणालो. "माझा नाइलाज आहे."

मी निघताना भागूबाईंनी त्यातलंच थोडं तेल एका बाटलीत भरून माझ्या हातात दिलं, गुडघ्यांना. मी घेतलं. लाज नाही वाटली तेव्हा.

स्टँडसमोरच्या हॉटेलात गाडीची वाट बघत बसलो होतो. चहावाल्याने पातेल्यावरची ताटली उचलली. ताटलीखालून थेंब गळले, स्वच्छ पाण्याचे. चहा खाली, वाफ वर. तोंडात मारल्यासारखं झालं. ते तेल पाणी घालून पुन्हा डेगेत चढवलं असतं तर रोशा वाफेबरोबर निघून आला असता आणि करडी तळाशी राहिली असती. शाळेतलं पोरही सांगेल. आणि मी, पंचवीस वर्षांचा जाणकार, हात झटकून आलो होतो.

चहा तसाच टाकून जीप धरली. ओढ्यापाशी उतरलो तर गावात कोंबड्यांखेरीज आवाज नव्हता. भागूबाई एकट्या डेग घासत होत्या.

"टेम्पो?"

"जेवनवेळंलाच गेला."

मी सगळं सांगितलं. त्या उठल्या, काटक्या आणल्या, चूल पेटवली. मी ओढ्यावरून पाणी आणलं. दिवस मावळायच्या आत घागरीत तेल तरंगलं. थेंब टाकला, कागद चुलीच्या धगीवर धरला. कागद कोरा झाला.

"आता बरं हाय?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरं आहे. शब्द दिला, मावशी. मंगलला परत बोलवा. कुठल्या कारखान्यावर गेलेत?"

"मुकादमालाच ठावं. फड फिरतो तशी मानसं फिरत्यात." त्यांनी राख सारखी केली. "ह्ये सकाळी सुचलं असतं तर, साहेब."

मला माझाच राग आला, आणि रागाचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॅन मांडीवर घेऊन पुण्याची गाडी धरली. वाटेत माणसांनी भरलेले टेम्पो दिसत होते आणि प्रत्येकात मी मंगलला शोधत होतो. सुप्याला शेजारी एक बाई येऊन बसल्या. "किती छान वास येतोय," त्या म्हणाल्या. "शुद्ध आहे का हो?"

"शुद्ध आहे," मी म्हणालो, आणि पुणं येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिलो.