निवांत पडून राहण्याचा प्रयोग

डोक्याला तेल लावून यायचं नाही, हा माझ्या प्रयोगशाळेचा पहिला नियम होता, आणि तो एकाही बाईने पाळला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत मी मेंदूची चित्रं काढायचे. डोक्यावर पेस्टने चकत्या चिकटवायच्या, चकत्यांच्या तारा यंत्राला जोडायच्या, यंत्र कॉम्प्युटरला. मग कॉम्प्युटर दुसऱ्या दिवसापर्यंत घरघरून डोक्याचं रंगीत चित्र काढायचा. मेंदूतल्या दोन जागांच्या लाटा एका ठेक्यात चालल्या की त्या दोन जागांमध्ये तांबडी रेघ. रेघ म्हणजे जोडणी. ह्या रेघांवर मी डॉक्टरेट मिळवली होती आणि त्याची ऐट अंगात मावत नव्हती. खोबरेल तेलावर मात्र चकती टिकत नसे. मग डोंबिवलीहून, कोपरहून आलेल्या बायकांची डोकी ही विदुषी बेसिनवर शिकेकाईने धूत बसे. पांढरा कोट कोपरापर्यंत ओला, आणि चेहऱ्यावर भाव असा, की मेंदू ही वस्तू हिनेच शोधून काढली आहे. आज ती समोर आली तर मी तिला आधी टॉवेल देईन आणि मग गप्प बस म्हणेन.

ह्या बायका निरोगी होत्या, आमच्याच शेजारपाजारच्या. निरोगी मेंदू निवांत असताना कसा दिसतो ते कळल्याशिवाय बिघडलेला ओळखायचा कसा? म्हणून मी त्यांना कॉटवर झोपवून सांगायचे, "डोळे मिटा. काही विचार करू नका. नुसत्या पडून राहा." आणि काय सांगू, प्रत्येकीच्या चित्रात बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या जागेमध्ये ठसठशीत तांबडी रेघ. पहिलं चित्र मी माझं स्वतःचं काढून घेतलं होतं, त्यातही तीच. मी निष्कर्ष काढला, की माणूस काहीही करत नसला तरी मेंदूतल्या ह्या दोन जागा आपोआप जोडलेल्या राहतात. परिषदेत वाचला. टाळ्या पडल्या. त्या दिवशीची साडी मी अजून ठेवली आहे, नातीला हसायला.

त्याच वर्षी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर कल्याणला दादाकडे राहायची. झटक्यानंतर तिच्यात उरलं एवढंच, की डोळे उघडत आणि मिटत, तेही डोळ्यांच्याच मर्जीने, आमच्या सांगण्यावर नाही. शब्द नाही, बोट हलणं नाही. नाकात नळी. घरात एकच प्रश्न होता, तिला आपलं बोलणं कळतं की नाही. डॉक्टर म्हणाले, नाही. दादा म्हणाला, "तू एवढी शिकलीस, तू बघ ना." मी तिला ठाण्याला आणून चित्र काढलं.

तांबडी रेघ होती. अगदी शेजारणींसारखी.

मी चित्र घेऊन आमच्या विभागप्रमुख सरांकडे पळत गेले. सरांनी चष्मा वर केला. "अहो बाई, तुमचाच निष्कर्ष विसरलात? ही जोडणी आपोआप असते. फोनची लाइन चालू आहे, एवढाच अर्थ. पलीकडे कुणी नाही."

माझाच निष्कर्ष तो. मला पटला. मी तो तसाच कल्याणला नेला आणि दादाच्या हातात दिला. त्यानंतर आम्ही तिच्यासमोर बोलताना आवाज कमी करणं सोडलं. एका रविवारी दुपारी, तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना चहाचे कप घेऊन आम्ही उभे होतो.

"पुन्हा न्यूमोनिया झाला तर?" दादाने विचारलं.

"हॉस्पिटलात नको," मी म्हटलं. "कशासाठी न्यायचं? सुटेल बिचारी."

"तुझी वहिनीपण थकली गं."

"मग झालं तर."

आईचे डोळे मिटलेले होते. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि चहा संपवला.

पुढे काही महिन्यांनी डोंबिवलीत शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. काकूंचंही चित्र मी काढलं होतं. जमलेल्या बायकांना त्या ते रंगवून सांगत होत्या. "डोक्याला तारा लावून हिने मला दिवसाढवळ्या झोपवलं. म्हणे काही करू नका. आता रिकामं कसं पडायचं? मी आपलं माझं स्तोत्र म्हणून घेतलं मनात."

दुसरी म्हणाली, "मीपण. माझा जप राहिलेला त्या दिवशी."

कोपरच्या बाईने कॉटवर पडून जत्रेतलं गाणं मनातल्या मनात पुरतं म्हटलेलं. सगळ्या हसल्या. काकू मला म्हणाल्या, "अगं, तिळगूळ हातात धरून काय बसलीस? खा."

मी स्वतःच्या चित्राचा विचार करत होते. त्या दिवशी कॉटवर मी काय करत होते? आमच्या घरी दिवेलागणीला परवचा असायचा, रोज, पाढे मोठ्याने. आणि आईचा आणखी एक नियम होता. "आडवं झालं तरी डोकं रिकामं ठेवायचं नाही. डोळे मिटले की मनात पाढे सुरू." इतक्या वर्षांत तो माझ्या इतका अंगवळणी पडला होता, की तारा लावून पडल्यावर मी पाढेच म्हणत होते, आणि ते माझं मलाच कळलं नव्हतं. माझ्या सगळ्या प्रयोगात निवांत मेंदू एकही नव्हता. रेघ आपोआप उमटत नव्हती. ज्या बाईच्या डोक्यात ती उमटली, ती बाई आतून काहीतरी म्हणत होती.

आईसुद्धा.

मी आईला पुन्हा ठाण्याला आणलं. दादा म्हणाला, "कशाला तिचे हाल?" मी बेसिनचा नळ सोडला. डोकं धुतलं, चकत्या लावल्या. मग तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, एकोणतीसचा पाढा म्हण. मनात." तोच पाढा मला कधी धड आला नाही, त्यासाठी तिने मला दारात उभं केलं होतं. थोड्या वेळाने म्हटलं, "आता थांब." मग, "आता म्हण." दर वेळी यंत्रावर खुणेचं बटण दाबलं. लाटांकडे नुसतं बघून काही कळत नव्हतं. मग मी विचारलं, "त्या रविवारचं आमचं बोलणं ऐकलंस का? ऐकलं असशील तर पाढा म्हण."

ती छताकडे बघत होती. पुढचा, तुला जगायचंय का, हा प्रश्न मी पाठ करून आले होते. तो तोंडातून निघाला नाही. तिचे केस मागे सारत मी म्हटलं, "बरं, आता निवांत पड." आणि शेवटची खूण केली.

दुसऱ्या दिवशी चित्रं आली. म्हण म्हटलं तिथे तांबडी रेघ. थांब म्हटलं तिथे नाही. पुन्हा म्हण, पुन्हा रेघ. प्रश्नाच्या चित्रात रेघ सगळ्यांत ठळक होती.

आणि शेवटचं चित्र निळं, कोरं. मी इतकी वर्षं शोधत होते तो निवांत मेंदू. एकही रेघ नाही.

मी कल्याणला गेले, आईसमोर बसले, जे बोलायचं होतं ते बोलले. दादाही बोलला. आणखी दोनदा तिला ठाण्याला नेलं, पाढा म्हण म्हणून विनवलं. चित्रं निळीच आली. सर म्हणाले, मेंदू आणखी खालावला असेल. असेलही. आईने पाढा सोडला होता की तिच्यात तो उरलाच नव्हता, हे माझ्या यंत्राला सांगता आलं नाही.

पावसाळ्यात तिला पुन्हा न्यूमोनिया झाला. आम्ही तिला तासाभरात हॉस्पिटलात नेलं, धावतपळत, जणू ती बघते आहे. ती परत आली नाही.

आता दुपारी मी आडवी होते तेव्हा नात म्हणते, "आजी, तुझे ओठ हलतायत." एकोणतीस आठेपाशी मी अजून अडते. आधी आतून आईच्या आवाजात कुणीतरी पुढचा आकडा सांगायचं. आता तिथे कुणी नसतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.