व्याह्यांच्या गोठ्याला गिलावा

जावयाच्या वडिलांनी फ्रान्समधल्या एका खेड्यातलं जुनं शेतघर घेऊन स्वतःच्या हातांनी नव्यासारखं केलंय, हे मुलीने आम्ही धुळ्याहून निघण्याआधीच सांगितलं होतं. आणखीही एक सांगितलं होतं. "पप्पा, हात जोडते, तिथे काही दुरुस्त करू नका." तिच्या सासरच्यांची आणि आमची ही पहिलीच गाठ. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो काही उगाच नाही. ती पुण्यात शिकत असताना तिच्या खोलीतला गिझर मी 'जरा बघितला' होता. त्यानंतर तिला दुसरी खोली बघावी लागली.

व्याही निवृत्त पोस्टमन. उंच, अबोल. पाठीवर थाप मारली की मी आपोआप पुढे सरकायचो. भाषेची अडचण, म्हणून घर त्यांनी हातवाऱ्यांनीच दाखवलं. आमच्या खोलीत आल्यावर भिंतीतली लोखंडी कडी दाखवली, डोक्याला दोन बोटांची शिंगं लावली आणि खणखणीत हंबरले. म्हणजे, पूर्वी हा गोठा होता.

बायको तोंडभर हसली. दार लागताच तिचं हसू गेलं आणि ती अहिराणीवर आली.

"पोरले इतलं शिकाडं, नि याहीनी आपले गोठामा झोपाडं!"

"अगं, पलंग बघ, फरशी बघ..."

"नि भीत? तिले गिलावा बी नही. बिचारानं काम आर्धं राही गयं वाटस."

खरं तर मलाही तेच वाटत होतं. नुसते आडवेतिडवे दगड, मधे खाचा. आमच्या मूळ गावी, भडगावकडे, बैठकीची भिंत अशी उघडी दिसली की लोक आवाज खाली आणून विचारतात, "भाऊ, काही अडचण शे का?" पोस्टमनच्या पेन्शनीत किती होणार, असं मनात आलं आणि मला व्याह्यांची दया आली. माझी दया फार धोकादायक असते.

दुसऱ्या दिवशी सगळे एका नातेवाइकाच्या लग्नाला गेले. प्रवासाने बायकोचे पाय सुजले होते, म्हणून आम्ही मागे राहिलो. बांधाकडे पिवळी चिकण माती दिसलीच होती. शेजाऱ्याकडे घोडे होते. शेणाऐवजी लीद चालवून घेतली. भुसाही तिथलाच. लहानपणी गिरणाकाठी माती तुडवलेली, ती पाय विसरले नव्हते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि परसात माती, लीद, भुशाचा गारा तुडवायला लागलो. बायको खुर्चीत पाय वर घेऊन देखरेख करत होती. "आठे पातळ व्हयनं. तठे खड्डा राही गया." संध्याकाळपर्यंत भिंत तळहातासारखी सपाट झाली. कडी तेवढी मी मोकळी ठेवली. तेवढी अक्कल होती.

मंडळी परतली. "सरप्राइज!" असं म्हणत मी दार उघडलं.

व्याही कोटाला लावलेल्या फुलासकट उंबऱ्यातच थबकले. विहीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. मुलगी माझ्या कानाशी आली.

"पप्पा, तुम्ही येणार म्हणून त्यांनी अख्खा हिवाळा छिन्नी घेऊन ही भिंत उघडी केली. आधी तिच्यावर असाच गिलावा होता."

बायको पटकन म्हणाली, "मी यासले नकोच सांगी राह्यंतू." मी तिच्याकडे बघितलं. ती कडीकडे बघत होती.

मुलीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं, आणि माझा उत्साह पार मावळला. आता या पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, आणि तेही माझ्या चार घमेली चिखलापायी. व्याह्यांनी ओल्या भिंतीत अंगठा दाबला, मग तो हुंगला. सावकाश माझ्याकडे वळले. डोक्याला दोन बोटं लावली आणि पुन्हा हंबरले. या वेळी दुसऱ्या हाताचं बोट माझ्याकडे होतं.

दुभाष्याची गरज पडली नाही. सगळ्यांत आधी मुलगी हसली, डोळे पुसता पुसता.

पुढचे दिवस आम्ही दोघं व्याही बादली आणि ब्रश घेऊन ती भिंत धूत होतो. ते काहीतरी पुटपुटले. मुलगी म्हणाली, "निघता निघत नाही म्हणतात, पक्कं काम आहे." मी जरा ताठ झालो, तसा त्यांनी ओला ब्रश माझ्या तोंडावर झाडला.

यंदा व्याही आणि विहीणबाई मुलीबरोबर धुळ्याला आले. आमच्या हॉलला पुट्टी मारून वर चॉकलेटी टेक्स्चर केलंय. आल्यागेल्याला मी ते हात लावून बघायला लावतो. व्याह्यांनीही हात लावला. बोटाने टकटक केली. मग पिशवीतून छिन्नी काढून माझ्यासमोर धरली आणि भुवया उंचावल्या.

मी मुलीकडे बघितलं.

"सुरुवात तुम्ही केली होती, पप्पा."

"हलवा मान," बायको म्हणाली. "पोरना सासरा शे."

मी मान हलवली. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ताटाएवढ्या जागेतल्या विटा उघड्या केल्या. विहीणबाईंनी फोटो काढला. तेवढ्यात शेजारी डोकावले, भिंत बघितली, माझ्या जवळ आले आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, काही अडचण शे का?"