कंडक्टर बाईंची लेक

स्वारगेटहून कर्वेनगरला जाणाऱ्या माझ्या सकाळच्या बसला एक कंडक्टर बाई असायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तिकिटाच्या मशीनवर बोटं वाजवायची त्यांना सवय होती. दारात कोणी अडून राहिलं की म्हणायच्या, "पुढे सरका, आत उभं राहायला वेगळं तिकीट नाही."

एकदा बस रिकामी होती, तेव्हा त्यांनी मोबाईलवर मुलीचे शाळेतले फोटो दाखवले. तिचा एक डोळा तिरळा होता. वर्गातली मुलं 'चकणी' म्हणून चिडवायची, म्हणून ती केस डोळ्यावर ओढून खाली बघत बोलायची. मेच्या सुट्टीत ऑपरेशन झालं आणि जूनमध्ये तिने सगळ्या शाळेसमोर उभं राहून प्रतिज्ञा म्हटली.

"डॉक्टर म्हणाले, डोळा सरळ झाला," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, तिची मान वर झाली ते बघा."

पुढे एका शनिवारी ती मुलगीच बसमध्ये दिसली. दोन वेण्या, कपाळ मोकळं. एक आजी दांडा धरून उभ्या होत्या आणि ज्येष्ठांच्या सीटवर एक तरुण मोबाईलमध्ये गुंग होता. मुलगी त्याच्यासमोर गेली. त्याने वर पाहताच थेट त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "दादा, ही सीट आजींची आहे."

तो गडबडीने उठला.

"मोठ्यांशी असं बोलतात का गं?" बाई ओरडल्या खऱ्या. पण लगेच सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी मुलगी आहे हो ती."