बुडणाऱ्या जहाजावरचा ठिपका

मच्छीमाराच्या घरात जहाज बुडवल्याची गोष्ट हसत सांगायची नसते, एवढं तरी माझ्या बाबांना कळायला हवं होतं. पण नव्वदच्या दशकात ते अवजड माल नेणाऱ्या जहाजावर फिटर म्हणून लागले आणि पहिल्या सुट्टीला राजोडीला आले, तेव्हा त्यांच्या पोटात काही राहीना. बूट काढायच्या आधी त्यांनी खिशातून जहाजाचा फोटो बाहेर काढला. समुद्रात पुढे जहाजाची उंच इमारत, मागे दोन मनोरे, आणि मधला सगळा डेक पाण्याखाली गायब.

"मुद्दाम बुडवतो आमी," बाबा म्हणाले. "टाक्यांत पानी भरायचं, डेक खाली न्यायचा. मग तेलविहिरीचा अख्खा सांगाडा तरंगत आनायचा त्याच्यावर. पंपानं पानी उपसलं, का जहाज त्याला पाठीवर घेऊन वर येतं!"

मी वेडीच झाले. ओझं उचलण्यासाठी एवढं धूड आधी स्वतः खाली जातं, याचं मला आजही नवल वाटतं. शाळेत मी इतक्या फुशारक्या मारल्या की मैत्रिणी मला बघून वाट बदलू लागल्या.

आईनं मात्र तो फोटो उचलून तांदळाच्या डब्याखाली पालथा घातला. तिचा भाऊ बोटीसकट बुडाला होता. "परत जायचं नाय," एवढंच ती म्हणाली, आणि मग बोलणंच बंद. बाबा समजावून थकले. मला तिचा भयंकर राग आला. असली नोकरी कुणी सोडतं का?

निघायच्या आदल्या दिवशी तिनं स्वतःच फोटो बाहेर काढला. आम्ही सगळ्यांनी जहाजाची लांबी विचारली होती, वजन विचारलं होतं. तिनं विचारलं, "जहाज खाली जातं तवा तुमी कुठं उभे असता?"

बाबांनी पुढच्या इमारतीच्या टोकावर बोट ठेवलं. "हितं. सगल्यात वर."

आईनं फोटोला काच बसवून घेतली, भिंतीवर लावला आणि नेमक्या त्या जागी कुंकवाचा ठिपका दिला. बाबा दुसऱ्या दिवशी गेले. पुढची कित्येक वर्षं जात राहिले.

ते नोकरीतून मोकळे झाल्यावर मी एकदा सहज म्हटलं, "तिथं वरून काय मस्त दिसत असेल!" बाबांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग ठिपक्यावरून बोट खाली आणलं, पाण्याच्या रेषेखाली, फोटोत काहीच दिसत नव्हतं तिथं.

"पंप हितं असतात," ते हळूच म्हणाले. "पानी उपसायला कुनीतरी खाली लागतंच ना."

जन्मभर मी जहाजाचं कौतुक केलं, माणसाचं करायचं राहूनच गेलं. तेवढ्यात आई फडकं घेऊन आली आणि काच पुसू लागली. ठिपक्याला धक्का लागू नये म्हणून ती कडेकडेनं पुसत होती.